आधी कोणाची चाल?

‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ हा २०१२ साली आलेला गेम मी आयर्नमॅन नावाच्या कडक पद्धतीने खेळायला घेतला, त्यामागे एकच कारण होतं. एका टर्नमध्ये कुठल्या सैनिकाला आधी हलवायचं आणि कुठल्याला मागे ठेवायचं, हे मला मुळापासून शिकायचं होतं. मागे फिरायची सोय हाताशी असेपर्यंत ते शिकता येत नाही, अशी माझी खात्री झाली होती.

आयर्नमॅनमध्ये सेव्ह एकच असतो आणि तो गेम स्वतःच करत राहतो. गोळी हुकली की हुकली. माणूस गेला की गेला. साध्या पद्धतीने खेळताना सेव्ह लोड करता येतो, पण तिथेही या गेमने एक व्यवस्था करून ठेवली आहे: लोड करून तीच गोळी पुन्हा झाडली तर पुन्हा तेच होतं. नशिबाचे आकडे सेव्हसोबत साठवलेले असतात. मात्र सैनिकांचा क्रम बदलला की तोच आकडा दुसऱ्याच्या वाट्याला जातो. त्यामुळे लोड करत राहणारा खेळाडू क्रम बदलत बसतो, आणि हे बदल विचाराने होत नाहीत, चाचपडत होतात. मला नेमकं ते नको होतं.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परग्रहावरून हल्ला झालेला आहे आणि त्याच्याशी लढणारी आंतरराष्ट्रीय फौज तुमच्या हाताखाली आहे. एका बाजूला पृथ्वीचा गोल: पैसा, संशोधन, उपग्रह, घाबरलेले देश. दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष मिशन: सुरुवातीला चार आणि पुढे सहापर्यंत सैनिक, चौकटींचा नकाशा, आडोशाला भिंती, गाड्या, झाडं. प्रत्येक सैनिकाला एका टर्नमध्ये दोन कृती मिळतात. चालून मग गोळी झाडता येते, पण गोळी झाडली की सहसा त्याची टर्न संपते. १९९४ चा मूळ ‘एक्स-कॉम’ ज्युलियन गॉलप यांचा. त्यात प्रत्येकाकडे टाइम युनिट्स असत; थोडं पुढे जायचं, गोळी झाडायची आणि उरलेल्या युनिट्समध्ये परत भिंतीआड यायचं, असा बारीक हिशेब चाले. तो गेम मला आजही प्रिय आहे. पण क्रम शिकायला नवाच बरा. दोनच कृती असल्यामुळे प्रत्येक चाल पुढच्याचे दरवाजे उघडते नाहीतर बंद करते.

सैनिकांची नावं बदलता येतात, म्हणून मी त्यांना नक्षत्रांची नावं दिली. स्वाती पुढे घुसणारी, रोहिणी स्नायपर, हस्त जड हत्यारवाला, श्रवण मदतनीस. चित्रा नंतर आली.

या गेममध्ये शत्रू टोळ्यांनी थांबलेले असतात. तुमची नजर पडेपर्यंत ते सहसा हल्ला करत नाहीत. नजर पडली की त्यांना लगेच एक फुकटची हालचाल मिळते आणि ते आडोसा गाठतात. मग तुमच्या उरलेल्या सैनिकांची पाळी, आणि त्यानंतर त्यांची. सगळं मर्म इथेच आहे. टोळी तुमच्या पहिल्या सैनिकाने पाहिली तर हाताशी आणखी तिघं असतात. तीच टोळी शेवटच्या सैनिकाने पाहिली तर शत्रू आडोशाला पोचलेला, तुमच्या सगळ्यांच्या कृती संपलेल्या, आणि पुढची पाळी त्याची. नकाशा तोच, माणसं तीच, अंतर तेच. म्हणून अंधारात पाऊल टाकायचं असेल तर टर्नच्या सुरुवातीलाच टाकायचं. शेवटच्या सैनिकाने फक्त आपण आधी पाहिलेल्या जमिनीवरच जायचं.

हे वाचून कळतं, पण हाताला लागत नाही. कारण मिशनच्या मध्यावर शेवटचा सैनिक मागे राहिलेला दिसतो, समोर छान भिंत असते, आणि त्याला तिथे नेऊन ठेवावंसं फार वाटतं. तो मोह आवरायची सवय लागायला मला बराच वेळ लागला. टर्न सुरू झाली की आधी माउसवरचा हात काढायचा आणि मोठ्याने नावं घ्यायची: स्वाती, मग श्रवण, मग हस्त, रोहिणी शेवटी. असं ठरवलं आणि ते उपयोगी पडलं.

रोहिणी शेवटी का, तर स्नायपरने पाऊल उचललं की त्या टर्नमध्ये तिला मोठी बंदूक वापरता येत नाही. (स्नॅप शॉट नावाचं कौशल्य घेतलं तर येते, पण मी स्क्वॉडसाइट घेतलं होतं, त्यात साथीदारांना दिसणारा शत्रू तिला लांबूनही टिपता येतो.) म्हणजे स्वातीने काही पाहिलं तर रोहिणीने हलायचंच नाही. काही दिसलं नाही, तर तिने शांतपणे पुढची उंच जागा गाठायची. तिची चाल स्वातीच्या नजरेवर अवलंबून, म्हणून ती नंतर.

आता एक टर्न जवळून दाखवते. सुरुवातीच्या काळातलं मिशन, सगळे जवळपास नवखेच. स्वाती एका कृतीत बुटक्या भिंतीमागे गेली आणि समोर दोन सेक्टॉइड (परग्रहवासी शत्रूंचा एक प्रकार) दिसले. दोघेही पळाले आणि एकाच गाडीच्या आड जाऊन बसले, जवळजवळ. नवख्या सैनिकाचा नेम ६५ असतो. अर्धा आडोसा त्यातून २० वजा करतो. राहिले ४५ टक्के. दोघांनी एकेक गोळी झाडली तर दोन्ही हुकण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास. आडोसाच उडवला तर तोच नेम पुन्हा ६५ होतो आणि दोन्ही हुकण्याची शक्यता १२ टक्क्यांवर येते. हस्तकडे ग्रेनेड होता. ग्रेनेड हुकत नाही, तीन अंकांचं नुकसान करतो, आडोसाही मोडतो, आणि सेक्टॉइडची ताकद तीनच असते.

मग ग्रेनेड आधी का टाकायचा नाही? कारण स्फोटाने मारलेल्या शत्रूच्या हत्यारांचे तुकडे संशोधनाला मिळत नाहीत, आणि सुरुवातीला त्या तुकड्यांची फार गरज असते. शिवाय मिशन अजून पुढे आहे आणि ग्रेनेड एकच. म्हणून मी जुगार आधी खेळले आणि खात्रीची गोष्ट मागे ठेवली. श्रवणने ४५ टक्क्यांची गोळी झाडली: हुकली. रोहिणी उंचावर होती, तिला जास्त संधी. तिने एकाला टिपलं. उरला एक. स्वातीची एक कृती बाकी होती, तिने झाडली आणि हुकली. मग हस्त. ग्रेनेड पडला आणि तो दुसराही संपला. शत्रूची पाळी आली तेव्हा त्यांच्याकडे कोणीच नव्हतं.

यात माझ्या लक्षात आलं ते असं: जी चाल माहिती देते ती सगळ्यात आधी. तिच्यानंतर, पुढच्यांचं काम सोपं करणारी चाल असेल तर ती. मग नशिबावरच्या चाली. आणि जिचा भरवसा आहे ती अगदी शेवटी, हुकलेल्यांची भरपाई करायला. पण हे एकमेकांत भांडतात. तोच ग्रेनेड आडोसा मोडून सगळ्यांचं काम सोपं करतो, म्हणून तो आधी हवा. तोच हमखास मारतो, म्हणून तो शेवटी हवा. समोर दोन सेक्टॉइड असतील तर मी तो राखते. चार शत्रू असतील आणि आपल्यातलं कोणी उघड्यावर असेल, तर तुकड्यांचा विचार बाजूला ठेवून पहिल्यांदा ग्रेनेड. हा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो, आणि मला हे गेम आवडतात ते याचसाठी.

मी एक वही केली. मिशन झालं की त्यातली एकच टर्न लिहायची, जी सगळ्यात अवघड वाटली ती. डावीकडे मी ठरवलेला क्रम, उजवीकडे तेव्हा मला काय माहीत होतं ते. काय घडलं ते लिहायचं नाही. हा नियम मी जाणूनबुजून केला, कारण निकाल डोळ्यासमोर असला की वाईट क्रमही शहाणपणाचा वाटायला लागतो आणि चांगला क्रम मूर्खपणाचा. पडद्यावरचे टक्केही गेमगणिक वेगळे बोलतात. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतल्या बऱ्याच भागांत नशिबाचे दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतात, त्यामुळे पडद्यावर ९० दिसले तरी खरी शक्यता ९८ च्या घरात असते. ‘एक्सकॉम’मध्ये सोप्या पातळ्यांवर गेम लपून मदत करतो, क्लासिक पातळीवर करत नाही. मी क्लासिकवर खेळत होते. तिथे ९० म्हणजे ९०.

चित्रा गेली ती अशाच एका आकड्यात. शहरावर हल्ला झालेला, नागरिक अडकलेले, आणि क्रिसॅलिड आलेले. हे चार पायांवर फार वेगाने धावतात, आणि त्यांनी मारलेला माणूस काही वेळाने झाँबी होऊन उठतो. एक क्रिसॅलिड जखमी होता, त्याची थोडीशीच ताकद उरली होती. चित्राने पुढे जाऊन तो दाखवला, हस्तने त्याला आणखी कमजोर केलं, आणि रोहिणी शेवटी होती, ९० टक्क्यांवर. हुकली. वहीत ती टर्न लिहिली तेव्हा मला तिच्यात बदलण्यासारखं काही सापडलं नाही, आजही सापडत नाही. तळावर शहिदांची भिंत असते, तिथे तिचं नाव दिसतं. मी त्या रात्री पुढे खेळले नाही. नकाशावरचं एक चित्रच ते, पण तिला मी तिच्या पहिल्या मिशनपासून वाढवलं होतं आणि मला खरोखर वाईट वाटलं. सेव्ह लोड करता आला असता तर ते वाईट वाटणं अर्ध्या मिनिटात पुसलं गेलं असतं, आणि तिच्याशिवाय पुढची मिशनं कशी लढायची हा सगळा विचार करायची वेळच आली नसती. श्रवणला मी त्यानंतर पुढच्या फळीत आणलं. तो त्या जागी फार चांगला निघाला.

वरच्या गोलावरही क्रमाचंच राज्य आहे. सोळा देश पैसा देतात, आठ सोडून गेले की मोहीम संपली. एकाच वेळी तीन ठिकाणी अपहरणं होतात, तुम्ही एकाच ठिकाणी जाऊ शकता, उरलेल्यांची घबराट वाढते. उपग्रह सोडला की त्या देशाची घबराट उतरते, पण उपग्रह बनायला २० दिवस लागतात. म्हणून ऑर्डर महिन्याच्या सुरुवातीला द्यायची आणि तयार उपग्रह मात्र लगेच सोडायचा नाही. देश सोडून जातात ते महिनाअखेरच्या आढाव्यात, तेव्हा महिना संपत आला की ज्याची घबराट टोकाला गेली आहे त्याच्यावर सोडायचा. तयार वस्तू गोदामात ठेवून आठवडे घालवणं सुरुवातीला जिवावर येतं.

मधल्या काळात मी ‘इनटू द ब्रीच’ घेतला. सबसेट गेम्सचा, २०१८ सालचा. आठ गुणिले आठ चौकटी, तुमची तीन यंत्रं, आणि शत्रू पुढच्या पाळीत कुठे मारणार आहे ते आधीच दाखवलेलं. नशीब जवळजवळ काढूनच टाकलेलं आहे, उरतो निव्वळ क्रम. मला वाटतं, ज्याला डावपेचांचे गेम शिकायचे आहेत त्याने सुरुवात इथून करावी. एका डावात जास्त वेळ जात नाही आणि प्रत्येक गोष्टीचं कारण डोळ्यांसमोर असतं.

एकदा माझा भाचा शेजारी बसून बघत होता. डाव असा होता: माझ्या मुष्टियुद्ध करणाऱ्या यंत्राला स्कॉर्पियन नावाच्या शत्रूने जाळ्यात पकडलेलं, त्यामुळे ते जागचं हलू शकत नव्हतं. वर एक फायरफ्लाय सरळ रेषेत इमारतीवर नेम धरून बसलेला. आणि दूरवर एक हॉर्नेट दुसऱ्या इमारतीला नांगी मारणार. तीन धोके, आणि माझं सगळ्यात ताकदवान यंत्र अडकलेलं. मी तोफेने फायरफ्लायला मारायचा विचार करत होते.

“आत्या, आधी आपल्या त्या पकडलेल्याला सोडव ना.”

“कसा सोडवू? तो हलतच नाहीये.”

“तू त्याला नको हलवूस. ज्याने पकडलंय त्याला ढकल.”

बरोबर होतं. तोफेचा गोळा जिथे पडतो तिथलं नुकसान होतं, आणि शेजारच्या चारही चौकटींतलं जे असेल ते एकेक घर बाहेर ढकललं जातं. म्हणून स्कॉर्पियनवर मारायचंच नाही, त्याच्या शेजारच्या रिकाम्या चौकटीवर मारायचं. स्कॉर्पियन एक घर सरकला, जाळं तुटलं, आणि सरकून तो नेमका फायरफ्लायच्या रेषेत जाऊन उभा राहिला. आता इमारतीवर जाणारी गोळी त्याच्याच अंगावर. आपलं यंत्र मोकळं, ते चालत जाऊन हॉर्नेटला भिडलं. तिसऱ्या यंत्राला तर कामच उरलं नाही. हीच तीन पावलं उलट क्रमाने टाकली असती तर दोन इमारती गेल्या असत्या. भाच्याला पुढे काही वेळ मी माउसच दिला.

सिम्युलेशन गेममध्ये क्रम असा टर्नमध्ये कापलेला दिसत नाही, पण असतो. ‘सिटीज: स्कायलाइन्स’ हा कोलोसल ऑर्डरचा २०१५ चा गेम. त्यात पैसे साठले की एकदम मोठी वसाहत आखायची इच्छा होते. घरं भराभर भरतात, सगळं छान चालतं. पण एकाच सुमारास राहायला आलेली माणसं एकाच सुमारास म्हातारी होतात आणि एकाच सुमारास मरतात. शववाहिका पुरत नाहीत, घरं ओस पडतात. खेळाडूंमध्ये याला डेथ वेव्ह म्हणतात. स्मशानभूमी वाढवून ती लाट पेलते, टळत नाही. टाळायची तर घरं थोडी-थोडी, अंतर राखून आखायला हवीत.

‘फॅक्टोरिओ’ या कारखाने उभारायच्या गेममध्ये मी उलटं बघायला शिकले. कारखाना अडला की जिथे माल थांबलेला दिसतो तिथे सगळे धावतात, आणि दोष बहुधा तिथे नसतो. हिरव्या सर्किटला एक लोखंडाची प्लेट आणि तीन तांब्याच्या तारा लागतात. तारेचं यंत्र एका प्लेटमधून दोन तारा काढतं. वेळा जुळवल्या की हिशेब येतो: तारेची तीन यंत्रं सर्किटच्या दोन यंत्रांना पुरतात. हे प्रमाण तीनास तीन ठेवलं तर सर्किटची यंत्रं मधूनमधून थांबतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं लोखंड कमी पडतंय. म्हणून शोध शेवटच्या मालापासून घ्यायचा आणि एकेक यंत्र मागे जायचं. पहिलं यंत्र असं सापडतं की ज्याच्याकडे सगळा कच्चा माल आहे आणि तरी ते पुरं पडत नाही. तिथे थांबायचं. त्याच्या मागचं काहीही बदलायचं नाही.

आणि मग ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’, रॉकेट बांधून अंतराळात पाठवायचा गेम. इथे तर रॉकेटच शेवटापासून बांधावं लागतं. त्सिओल्कोव्स्की या रॉकेटशास्त्रज्ञाचं समीकरण सांगतं की वर जितकं वजन ठेवाल तितकं खाली इंधन, आणि ते इंधन उचलायला आणखी इंधन. म्हणून आधी परत येणारी कुपी, मग तिला परत आणणारा टप्पा, मग उतरणारं यान, आणि सगळ्यात शेवटी जमिनीवरून उचलणारा टप्पा. कर्बिनच्या (गेममधल्या पृथ्वीच्या) खालच्या कक्षेत पोचायलाच साधारण ३४०० मीटर प्रतिसेकंद इतक्या वेगबदलाचं इंधन खर्च होतं. कक्षेत पोचल्यावरही मन उलटं वळवावं लागतं: तुमच्याच कक्षेत पुढे असलेलं यान गाठायचं तर इंजिन पुढे जाण्यासाठी पेटवून चालत नाही. वेग कमी करायचा, कक्षा खाली येते, खालची फेरी लवकर पुरी होते, आणि तुम्ही त्याला मागून गाठता. पहिल्यांदा दोन यानं अशी शेजारी-शेजारी तरंगताना दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

सध्या ड्यूनाची, म्हणजे गेममधल्या मंगळासारख्या ग्रहाची, मोहीम आखते आहे. ड्यूना कर्बिनच्या साधारण ४४ अंश पुढे असताना निघायचं, आणि ती वेळ पुन्हा यायला कर्बिनचे नऊशेच्या वर दिवस जातात, म्हणून घाई नाही. परतीचा टप्पा बांधून झाला आहे. उतरणाऱ्या यानावर अडले आहे: ड्यूनाची हवा विरळ आहे, नुसत्या पॅराशूटवर एवढं वजन टिकणार नाही, आणि इंजिनाला इंधन द्यावं तर खालचे सगळे टप्पे पुन्हा मोजावे लागतील. आधी उतरणीचं इंधन चाचणीत मोजून घेते, पॅराशूट किती लावायची ते त्यानंतर.